मलिद्याचं ताट आणि येरुशलेमची पाठशाळा

मावशी,
आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी. मुलगा 24 वर्षांचा, इंजिनियर, चांगली नोकरी. गेल्या वर्षी तरुण मुलांच्या सहलीबरोबर इस्राएलला जाऊन आला आणि बदललाच. डोक्यावर कायम किप्पा, म्हणजे ती छोटी गोल टोपी, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मोबाइल बंद. इथवर मला आनंदच होता. आता म्हणतो, नोकरी सोडून वर्षभर येरुशलेमच्या येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकायला जायचंय. तिथे म्हणे घरी फारसं न शिकलेल्या यहूदी मुलांना मुद्दाम बोलावून घेतात. हिब्रू येत नसलं तरी चालतं, राहण्याजेवणाचंही बघतात. यांचं म्हणणं, पोराला वेड लागलंय.

पण मी लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. मागच्या महिन्यात त्याच्या नोकरीतल्या बढतीसाठी सासूबाईंनी मलिदा केला, आमचं ते गोड पोह्यांचं, फळांचं ताट. ताटाकडे बघून हा म्हणाला, "आजी, हे यहूदी नाहीच. हे शेजाऱ्यांचं बघून आपण उचललंय." त्याच रात्री माझं मटण खाल्लं नाही, बाहेरून ब्रेड आणून खाल्ला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मावशी, आताच हे, तर तिथून परत आल्यावर आमच्या घरात पाणी तरी पिईल का? त्याला अडवू का?
– ठाण्याची एक आई

*

लेकी,

अडवू नकोस. चोवीस वर्षांचा मुलगा आईने अडवला तर जातोच, फक्त न सांगता जातो.

पण पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी येशिवापाशी नाही, त्या ताटापाशी अडखळले. तुझं दुखणं तिथलं आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

रहाबीची गोष्ट तुझ्या सासूबाईंना नक्की ठाऊक असेल, त्यांच्याकडून त्याला ऐकवायला लाव. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. पुढे कित्येक पिढ्या आपण कोकणात तेल गाळत राहिलो. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. मग कधीतरी दावीद रहाबी नावाचे गृहस्थ आले. हे लोक खरंच यहूदी आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, विचारावी तर ती कोणाला येत नव्हती. सांगतात की त्यांनी बायकांपुढे टोपलीभर मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांची, परांची मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. ही आपली नाही, म्हणाल्या. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी तिघांना शिकवून काजी, म्हणजे जमातीचे धर्मविधी करणारे, केलं, असं आपली परंपरा सांगते.

म्हणजे बघ, आपल्या जमातीची पहिली परीक्षा चुलीपुढे झाली आणि ती दिली बायकांनी. हिब्रूत त्यांना 'शमा' या प्रार्थनेच्या पलीकडे काही येत नव्हतं. येरुशलेमला जाऊन तुझा मुलगा जो वारसा शोधणार आहे, तो त्याच्यापर्यंत पोचला तो या बायकांच्या हातून. हे त्याला रागाने सांगू नकोस, नुसतं सांग.

आता दुसरी बाजू, आणि ती तुला थोडी लागेल. त्याची भूक खोटी नाही. लहानपणी त्याने विचारलं असेल, मटणावर दही का नाही? तू म्हणाली असशील, आपल्यात नसतं. मीही माझ्या मुलांना हेच सांगितलं, माझ्या आईने मलाही हेच. आपल्या पिढीला 'का'चं उत्तर कोणी दिलंच नाही. काळ्या मनुका रात्री भिजत घालून शरबत करायचं, त्यावर शब्बाथचा किद्दूश, म्हणजे आशीर्वाद, म्हणायचा, हे हातांना ठाऊक. तोंडाला विचारलं की गप्प. पोरगा ते उत्तर शोधत निघालाय. यांना सांग, हे वेड नाही.

अशा शाळा इथे, मी राहते त्या इस्राएलमध्ये, 1967 च्या युद्धानंतर निघायला लागल्या. अमेरिकेतून, युरोपातून पाठीवर पिशवी टाकून तरुण यायचे, येरुशलेमच्या पवित्र भिंतीपाशी, कोटेलपाशी, हात लावून रडायचे, आणि त्यांना हिब्रूची अलेफ-बेथ ही मुळाक्षरंसुद्धा यायची नाहीत. जुन्या येशिवांत दहा-बारा वर्षांची मुलं यांच्यापुढे असायची. म्हणून यांच्यासाठी वेगळ्या काढल्या. ओर सामेआख, 1974 ची एश हातोरा, मुलींसाठी नेवे येरुशलायिम. पारदेसमध्ये तर मुलं-मुली एकाच वर्गात. सगळ्या एका माळेच्या मण्यांसारख्या नाहीत. कुठे काळी टोपी आणि काळा कोट, कुठे विणलेली किप्पा, कुठे जीन्स. म्हणून 'येशिवात जातोय' एवढ्यावर थांबू नकोस. कोणत्या, ते विचार.

मी एकदा माझ्या भाच्याला सोडायला गेले होते. शांत वाचनालय असेल असं वाटलं होतं. दार उघडलं तर मासळीबाजार! दोघं दोघं समोरासमोर बसलेले, मधे गमारा, म्हणजे तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथाची पोथी, उघडी, आणि हातवारे करून भांडताहेत. याला हावरूता म्हणतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने खोडून काढायचं. भाचा म्हणाला, मावशी, इथे प्रश्न विचारला की शाबासकी मिळते. तुझ्या मुलाला हेच हवंय गं.

तर आता त्याच्याशी काय बोलायचं?

पहिलं म्हणजे वर्षाचा सौदा करू नकोस. येशिवाच्या वर्षात एलूल महिन्याचं सत्र छोटं असतं, एलूलच्या सुरुवातीपासून योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या उपासापर्यंत, चाळीसेक दिवसांचं. ऑफिसातून बिनपगारी रजा मिळते का बघायला सांग. आधी तेवढं शिक, दारफळणीचा सण, म्हणजे तोच योम किप्पुर, तिथे कर, मग ठरव. खरी ओढ असेल तर चाळीस दिवसांनी ती विझत नाही.

दुसरं, तिथल्या रब्बींना त्याने स्वतः एक प्रश्न विचारावा: माझ्या घरचा मिनहाग, म्हणजे आमच्या वाडवडलांची रीत, मी पाळायची की तुमची उचलायची? उत्तरावरून शाळा कळेल. 'तुमची रीत काय आहे, सांग बघू' असं विचारणारा गुरू मिळाला तर डोळे मिटून पाठव. हसणारा मिळाला तर दुसरी शाळा बघायला सांग, येरुशलेमला शाळांची ददात नाही.

आणि याला ग्रंथाचाच आधार हवा असेल तर तोही आहे. तालमूदच्या पेसाहीम नावाच्या भागात बेथ शआनच्या लोकांची गोष्ट येते. शब्बाथच्या आदल्या दिवशी सोरहून सीदोनला जायचं नाही, अशी त्यांची रीत होती. पोरं रब्बी योहाननकडे गेली. म्हणाली, आमच्या बापांना हे परवडत होतं, आम्हाला परवडत नाही. रब्बी म्हणाले, तुमच्या बापांनी ते आधीच स्वतःवर घेतलंय. आणि पुढे त्यांनी नीतिसूत्रांतलं वचन सांगितलं: मुला, बापाचा बोध ऐक, आईची शिकवण टाकू नको. पान त्याला शोधू दे, पन्नासावं आहे. शोधायला गोडी लागेल.

मलिद्याचंही तसंच. शेजाऱ्यांकडून काहीच आलं नाही असं मी म्हणणार नाही; इतकी शतकं कोकणात राहून पोहे, खोबरं, वेलची नाही येणार तर काय येणार? आपला मंगळसूत्राचा हट्टही तिथलाच. पण ताट मांडल्यावर काय होतं ते आठव. एलियाहू हनाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव घेतात, मग झाडाच्या फळावर एक बराखा, म्हणजे आशीर्वाद, जमिनीतल्यावर दुसरी, धान्यावर तिसरी, सुगंधावर आणखी एक. येशिवात सुरुवातीलाच हे बराखांचे नियम शिकवतात: कशावर कोणती, आधी कोणती, मग कोणती. तुझा मुलगा वहीत तक्ते काढून पाठ करणार आहे ते सासूबाईंच्या ताटात आधीच मांडलेलं आहे. त्याला म्हणावं, परत आलास की आजीजवळ बस आणि कोणत्या जिन्नसावर कोणती बराखा ते तिला समजावून सांग. तिला आवडेल, रुसवा तिथेच निघेल.

मटणाच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूची आहे. तू कोणत्या दुकानातून आणलंस ते लिहिलं नाहीस, म्हणजे नेहमीच्याच दुकानातून असणार. तो जे मागतोय ते आपल्याच आज्या पाळत होत्या, आपण शहरात आलो आणि सैल झालो. सिनेगॉगच्या हझानना, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्यांना, विचार, शोहेटने, म्हणजे धर्माच्या रीतीने कापणाऱ्याने, कापलेली कोंबडी कुठे मिळते ते सांगतील. भांड्यांचंही घाबरू नकोस. स्टीलची, पितळेची भांडी उकळत्या पाण्यात घालून कोशेर, म्हणजे धर्माप्रमाणे चालतील अशी, करता येतात, मातीची तेवढी येत नाहीत. एका रविवारी मोठं पातेलं चुलीवर ठेवा आणि त्यालाच करायला लाव, हात भाजेपर्यंत. मांसाबरोबर दूध चालत नाही, पण आपलं अर्धं काम तर नारळाने आधीच केलंय: कालवणात आपण दुभत्या जनावराचं दूध घालतच नाही, नारळाचं घालतो. जगातल्या कितीतरी यहूदी सुना याचा हेवा करतील.

एक भीती तू लिहिली नाहीस, पण ओळींमधे दिसते. तिथे त्याला कोणी 'तू खरा यहूदी का?' असं विचारेल का?

विचारेल कदाचित. मी पनवेल सोडून इथे आले तेव्हा लग्नाच्या नोंदणीला एका कारकुनाने माझ्या आजीच्या आजीचं नाव विचारलं होतं. मी म्हटलं, तुमच्या आजीच्या आजीचं सांगा, मग मी सांगते. बाहेर येऊन रडले, ते वेगळं. आपल्या आधीच्या लोकांनी त्याहून सोसलंय. 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीतून हुकूम निघाला की बेने इस्राएलांचं लग्न लावताना मागच्या पिढ्या तपासा. 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसं येरुशलेमला धरणं धरून बसली, बायकापोरांसकट. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, जाहीर केलं की हे सर्वार्थाने यहूदी आहेत, आणि हुकुमातून आपलं नाव गेलं. हा इतिहास त्याला जाण्याआधी ठाऊक असू दे. विमानतळावरून नवखा उतरला तर एकेक वाक्य काळजात घेईल. तुमच्या लग्नाच्या केतुबाची, म्हणजे करारपत्राची, आणि सिनेगॉगच्या पत्राची प्रत बरोबर दे. मूळ कागद कपाटात ठेव, कोणी कितीही मागितले तरी.

यांना काय सांगायचं? आपल्याच जमातीच्या केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तिथे मराठी-इंग्रजीबरोबर हिब्रू होती. त्याआधी कोचीनहून शिक्षक आले, बगदादी यहूदी आले, तेव्हाही घरोघरी म्हातारे म्हणाले असतील की आता ही पोरं हातची गेली. पोरं शिकली, मग मराठीत हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथ्या, छापल्या, मराठीत कीर्तनं केली, आणि मलिदाही खात राहिली. यांनी मुलाशी पैशांवरून वाद घालू नये. फक्त तिकीट परतीचं काढून द्यावं.

सासूबाईंची माफी त्याने जाण्याआधी मागायची, ही माझी एकच सक्त अट. योम किप्पुरला देव माणसाचे देवाविरुद्धचे अपराध माफ करतो, माणसाविरुद्धचे त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावे लागतात, हे त्याला एलूलमध्ये शिकवतीलच. आजीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

मी लोदला राहते. त्याला म्हणावं, शुक्रवारी दुपारी बस बंद व्हायच्या आत निघ आणि शब्बाथ माझ्याकडे कर. मासळी खवल्यांची असेल, भांडी उकळलेली असतील, आणि शरबत मनुकांचंच असेल. येताना सासूबाईंकडून मनुका धाड, इथल्या फार गोड असतात.

तुझी,
मावशी