कोल्हापुरात वाघाबद्दल लोकांना जागं करायचं, तर आमच्या मंडळानं फेरीशिवाय काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पेठेतलं तुमचं मंडळ चार वर्षं 29 जुलैला व्याघ्रदिनाची फेरी काढतंय. पोरांचे गाल रंगवता, फलक धरता, बिंदू चौकात घोषणा देता, आणि संध्याकाळी प्रत्येकाला वाटतं की यातनं वाघाला काय मिळालं? दादा, हा प्रश्न तुम्हाला पडला याचाच मला फार आनंद झाला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी शाहूवाडी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर अकरा वर्षं होतो. जंगल शाळेच्या मागच्या ओढ्यापासून सुरू व्हायचं. आता बदली होऊन शहराजवळ आलोय. दोन्हीकडं राहून माझं एक मत पक्कं झालंय. फेरी बघणाऱ्या माणसाच्या मनात वाघाबद्दल प्रेम आधीपासूनच असतं, पण वाघाचं जगणं-मरणं त्याच्या हातात नसतं. ते ज्याच्या हातात असतं तो माणूस चार जनावरं घेऊन जंगलाच्या कडेला राहतो, आणि त्याच्यापर्यंत आपली फेरी कधी पोचत नाही.

आधी शब्दाचं सांगतो, कारण सुरुवात तिथनंच करावी लागते. तिसरीच्या वर्गात एकदा वाघाचं चित्र काढायला सांगितलं. एका पोरीनं पिवळं जनावर काढलं, अंगभर ठिपके आणि मानेला आयाळ. मी विचारलं, "अगं, ठिपके कशाला?" म्हणाली, "गुरुजी, परवा आमच्या परड्यात आल्याला तसाच हुता की." आयाळ तिनं टीव्हीवरनं आणली होती, ठिपके मात्र डोळ्यांनी बघितलेले होते. आपल्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. खरा वाघ असेल तर ढाण्या वाघ किंवा पट्टेरी वाघ असं फोडून सांगतात, पण घाईत कोण फोड करतो? मग उसात बिबट्याची शेपटी दिसली की मोबाईलवर "वाघ आला" फिरतं, सोबत दुसऱ्याच राज्यातला पट्टेरी वाघाचा व्हिडिओ जोडलेला असतो, आणि शंभर माणसं काठ्या घेऊन उसाभोवती जमतात. अशा गर्दीत जनावर जखमी होतं किंवा माणूस. म्हणून तुमच्या पहिल्या फलकावर एवढंच असू दे: पट्टे म्हणजे वाघ, ठिपके म्हणजे बिबट्या, आणि दोन्हींपैकी काहीही दिसलं तर मागं व्हा, गर्दी करू नका, वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.

दुसरी गोष्ट लोक हमखास विचारतात, "आपल्याकडं कुठं आलाय वाघ? ते ताडोबात." पन्हाळ्याला जाताना आपण वाघबीळला चहा पितो, पन्हाळा तालुक्यात वाघवे आहे, भुदरगडात वाघापूर आहे, डोंगराडोंगरावर वाघजाई आहे. ही नावं कुणी उगाच ठेवली असतील का? आणि ही फक्त जुनी गोष्टही नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून तो सुमारे 1,165 चौरस किलोमीटर पसरलाय. अनेक वर्षं तिथं वाघाच्या खुणा मिळायच्या, वाघ मिळायचा नाही. 2018 साली कॅमेऱ्यात आला, मग परत काही नाही. 2023 च्या डिसेंबरात एक नर कॅमेऱ्यात आला. त्याचे पट्टे जुळवून बघितले तर तोच वाघ आधी राधानगरीत दिसलेला निघाला. वाघाचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून हे ओळखता येतं. म्हणजे राधानगरीपासून चांदोलीपर्यंत हा गडी विशाळगडाच्या बाजूच्या रानांतनं, वाड्यांच्या कडेकडेनं, रस्ते ओलांडत चालत गेला. वाटेत कुणाला त्यानं काही केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

ही वाट खाली तिलारी, गोव्यातलं म्हादई, कर्नाटकातलं भीमगड आणि काळी या रानांपर्यंत जाते. नर असे लांब चालत येतात, माद्या सहसा आईच्या आसपासच ठाण मांडतात. म्हणून सह्याद्रीत नर येत राहिले आणि वंश वाढेना. शेवटी 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणली. आधी कुंपणात ठेवून मग मोकळ्या रानात सोडली. देशात 2006 साली 1,411 वाघ मोजले होते, 2022 च्या मोजणीत सरासरी आकडा 3,682 वर गेला आणि महाराष्ट्राचा 444 झाला. पण राज्याचे जवळपास सगळे वाघ विदर्भात आहेत. आपल्या सह्याद्रीत मोजायला हाताची बोटंही जास्त होतात. फेरीत "देशात वाघ वाढले" सांगताना हेही सांगा.

आता मुख्य विषय.

शाळेपासून दोन किलोमीटरवर एक धनगरवाडा होता, सात घरांचा. तिथल्या एका आजीची कालवड बिबट्यानं मारली. पोरं सकाळी सांगत आली म्हणून मी प्रार्थना उरकून गेलो. कालवड ओढ्याच्या अंगाला पडली होती, मागच्या मांडीचा भाग खाल्लेला, गळ्यावर दातांच्या चार खोल खुणा, आणि गळ्यातली घंटी तशीच. आजी घंटी सोडून घ्यायला बसली होती, पण गाठ रक्तानं आवळली होती. तिला ती सुटेना आणि ती दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की आजी, जंगल आहे, त्याचंही पोट आहे. ती वर न बघता म्हणाली, "त्यो जगंल ओ गुरुजी. पर म्या कशावं जगायचं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिची ती पहिलारू कालवड होती, पुढच्या वर्षीचं दूध होतं, आणि दुधाच्या पगारावर नातवाची वही-पुस्तकं होती.

तिथंच उभ्या असलेल्या एका पाहुण्यानं हळूच सल्ला दिला, "औषध टाका मढ्यावर. रातच्याला परत येतंय त्ये." औषध म्हणजे शेतात मारायचं विष. शिकारी जनावर आपल्या शिकारीवर परत येतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि वाघ बिनआवाज मरतो तो असा. 2020 च्या जानेवारीत गोव्यात म्हादईच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे असेच विषानं गेले. जनावर मारलं म्हणून मढ्यावर विष, आणि एका झटक्यात चार. आपल्याच वाटेवरचे चार, जे मोठे होऊन कदाचित इकडं आले असते.

त्या दिवशी मी आजीला एवढंच म्हणालो, की मढं हलवू नका, विष टाकू नका, मी वनरक्षकाला फोन लावतो. वनरक्षक दुपारी आला, चांगला माणूस होता, पंचनामा केला. भरपाई मिळते हे वाड्यावर कुणालाच नीट माहीत नव्हतं. दोन दिवसांच्या आत कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मढं जागेवर ठेवावं लागतं, आणि आसपास विषबाधेनं वन्यप्राणी मेला तर भरपाईवरही पाणी पडतं. हे वाड्यावरच्यांना सांगताना मला लाज वाटली, कारण अकरातली पाच वर्षं मी तिथं काढली होती आणि वर्गात "वाघ आपला राष्ट्रीय प्राणी आहे" यापलीकडं काही शिकवलं नव्हतं. पुढं कागद एका कार्यालयात सात महिने पडून राहिला. तेवढ्या महिन्यांत आजीनं कर्ज काढून म्हैस घेतली होती. पैसे आले, पण विश्वास यायला उशीर झाला. विष टाकायचा सल्ला देणाऱ्या पाहुण्याला त्या सात महिन्यांत मी काय उत्तर देणार होतो?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की वाघाची जागृती म्हणजे कालवड पडल्यावर पहिल्या चोवीस तासांत त्या घरात कोण पोचतं आणि काय सांगतं, ही. जी गावं चांदोलीच्या अभयारण्यातनं उठली, ज्यांना पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, त्यांना शहरातल्या माणसानं वाघाचं महत्त्व सांगू नये. त्यांनी त्याची किंमत आधीच भरलीय.

मग पेठेतल्या मंडळानं करायचं काय? तुमच्याकडं दोन ताकदी आहेत, वर्गणी आणि देखावा. कोल्हापूरचे सजीव देखावे बघायला लोक रात्री दोनपर्यंत रांगेत उभे राहतात. यंदा गणपतीला पुठ्ठ्याचा गुरगुरणारा वाघ करू नका. तो धनगरवाडा उभा करा. कालवड पडलीय, एकाच्या हातात विषाची बाटली आहे, दुसऱ्याच्या हातात फोन आहे, आणि म्हातारी मध्ये बसलीय. दहा मिनिटांत माणूस जे घेऊन जाईल ते शंभर फलकांनी होणार नाही. संवाद वाड्यावरच्याच माणसाकडनं लिहून घ्या, आपण लिहिलेले खोटे वाटतात.

आणि वर्गणीतला काही भाग गोठ्याला द्या. वाड्यांवर बरेच गोठे कुडाचे, दार नसलेले. भक्कम दार, वर जाळी आणि एक सौर दिवा एवढ्यानं रात्रीचे हल्ले पुष्कळ थांबतात. एका वर्षी एकच वाडा घ्या, पण सगळी घरं घ्या. एकाचा गोठा बांधून शेजाऱ्याचा तसाच ठेवला तर जनावर शेजाऱ्याकडं जाणार.

शहरातल्या माणसाला सांगायचं असेल तर त्याच्या नळाचं सांगा. काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइननं जे पाणी येतं, ते राधानगरी अभयारण्याच्या रानातलंच आहे. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, आणि तेवढी खाऊन कळप टिकायचा तर रानात पाचशे असावी लागतात. पाचशे सांबर-भेकरं-गवे जिथं पोसतात तिथं गवत, झाड, झरा सगळं जागेवर असतं. उन्हाळ्यात डोंगरमाथ्याच्या सड्यावर वणवा लावला की हेच आधी जळतं. हे नळावर पटतं, भाषणात पटत नाही.

अजून एक, आणि हे बोलायला जड जातं. आपल्याकडं सोन्यात मढवलेलं वाघनख गळ्यात घालायची हौस आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांत कुणाकडं असेल तर आधी त्याच्याशी बोला. खरं असेल तर तो गुन्हा आहे, शिकार आणि व्यापाराला तीन ते सात वर्षं कैद आहे. खोटं असलं तरी ते बघून दुसऱ्याला खरं हवंसं वाटतं.

वाड्यावर जायचं ठरवलं तर पावसाळा संपल्यावर जा, दिवाळीनंतर. आधी तिथल्या शाळेच्या मास्तरांना आणि वनरक्षकाला भेटा, चार-पाच जणच जा, कॅमेरे नकोत. आणि जाताना खाऊ नेण्यापेक्षा भरपाईच्या अर्जाचे कोरे नमुने न्या. आजीच्या वाड्यावर त्या दिवशी आमच्याकडं तो एक कागद नव्हता, तो आणायला मी मलकापूरला मोटरसायकलवर गेलो होतो, आणि परत येईपर्यंत अंधार पडला होता.