माहीममध्ये चर्च-मोहल्ला मैत्री सुरू करताय? आधी एवढंच करा

ख्रिस्ती-मुस्लिम शेजाऱ्यांची मैत्री जमवायचा तुमचा उत्साह बघून बरं वाटलं. पण पहिल्याच महिन्यात परिसंवाद नको! फादर आणि मौलाना बोलतात, बाकीचे समोशांची वाट बघतात. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला (खास प्रार्थनेला) सगळ्या धर्मांची माणसं येतात, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यातही येतात. तुम्ही शून्यातून सुरुवात करत नाही आहात.

- चार-पाच घरं पुरेत. एखादं काम एकत्र काढा: मुलांची शिकवणी, रक्तदान, काहीही.
- शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. या वेळा सोडून बैठक ठेवा.
- नाताळचा केक देणार असाल तर रम न घातलेला. मटण-चिकन हलालच आणा. शंका असली तर सरळ विचारा, कुणी रागावत नाही.

नवे लोक हमखास चुकतात ते पहिल्या चहालाच येशूच्या क्रुसाचा वाद काढून (ख्रिस्ती मानतात येशू क्रुसावर मेला, मुसलमान तसं मानत नाहीत). तो मतभेद खरा आहे, खोलही आहे, म्हणूनच आत्ता नको. त्यापेक्षा उपासाबद्दल बोला. 2025 मध्ये लेंट (ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासकाळ) आणि रमजान एकाच आठवड्यात सुरू झाले होते. येशूच्या आईबद्दल, मरियमबद्दल बोला, कुराणातला 19वा सुरा (अध्याय) तिच्याच नावाचा आहे.

इफ्तारला गेलात तर फोटोसाठी धडपडू नका. आणि मनात धर्मांतराचा हेतू असेल, तर कृपा करून याला मैत्री म्हणू नका. लोकांना ते लगेच कळतं.

बायकांची बैठक वेगळी की एकत्र, हे त्या बायकांनाच विचारा. इतकं जमलं की पुढचं बोलू.