माफी नेमकी कशाची मागायची?

‘राजकारणावरून मैत्रीण तुटली. आता काय करू?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून माझ्याकडे सतत येतो. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले, तेव्हापासून तर एकाच पक्षात वाढलेली माणसंही एकमेकांसमोर उभी ठाकलेली बघते आहे. भाऊ-भाऊ, जावा-जावा, एका बाकावर बसलेले मित्र. त्यातलाच एक अनुभव सांगते. दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे आली तिला मी ताई म्हणत असे, इथेही ताईच म्हणते. पन्नाशीची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडील पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. लहानपण पोलीस लाइनीत गेलं. मैत्रीण शेजारच्या चाळीतली, दोघी पाचवीपासून बरोबर. पुढे मैत्रीण एका पक्षाच्या महिला आघाडीत गेली, वॉर्डात तिचं नाव झालं. ताईचं सासर दुसऱ्या पक्षाला मानणारं, हळूहळू ताईही तिकडची झाली. पक्ष कोणते ते सांगत नाही. सांगितलं की वाचणारा आधी एकीच्या बाजूला जाऊन बसतो आणि दुसरीचं ऐकतच नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे.

निकालाच्या दिवशी जिंकलेलीने हरलेलीकडे पेढे घेऊन जायचं, असा दोघींचा नेम होता. तो जवळपास तीस वर्षं टिकला.

मग मैत्रिणीच्या मुलाला, बावीस वर्षांच्या पोराला, एका मोर्चाहून परत येताना पोलिसांनी उचललं. रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, पायांच्या तळव्यांवर पट्ट्याने मारलं आणि पहाटे सोडून दिलं. घरी फोन नाही, कुठे नोंद नाही. सकाळी मैत्रिणीने त्यांच्या शाळेच्या वेळच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘खाकीतले गुंड आहेत हे. एकूण एक.’ त्याखाली ताईचं उत्तर आलं, ‘काही केलंच नसतं तर उचललं असतं का?’

मैत्रिणीने ग्रुप सोडला आणि ताईचा नंबर ब्लॉक केला. ताई माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा या गोष्टीला सात महिने झाले होते.

“मॅडम, माझं चुकलं का, तेवढं सांगा,” इथूनच तिने सुरुवात केली. आणि उत्तराची वाट न बघता वीसेक मिनिटं पोलिसांबद्दल बोलत राहिली. बारा-बारा तासांची ड्युटी, सणाला रजा नाही, मोर्चात दगड खायचे, वर पुढाऱ्याचा फोन आला की बदली. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण एवढ्या वेळात तिने त्या मुलाचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याच्या बारशाला पाळण्याची दोरी हिने धरली होती.

मी विचारलं, “ताई, ‘पोलीस’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “बाबा.”

गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताहून बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचे. स्वतःचे बूट काढायचंही त्राण नसायचं. ताई एक पाय धरायची, भाऊ दुसरा. नाडी सैल करून टाच धरून हळूहळू ओढायचं, कारण मोजा तळव्याला चिकटलेला असे. मग परातीत कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. सांगताना ताईचे दोन्ही हात पुढे आले होते आणि बोटं नाडी सोडवत असल्यासारखी हलत होती. त्या परातीत कितीदा तरी पाणी याच मैत्रिणीने आणून ओतलं होतं. “तिने माझ्या बाबांचे पाय पाहिलेत, मॅडम. तरी एकूण एक म्हणाली.”

मला तेव्हा मैत्रिणीचं दुखणंही ऐकू आलं. मैत्रीण तिकडे म्हणत असणार, हिने माझ्या पोराला मांडीवर खेळवलंय, तरी काही केलंच नसतं तर म्हणाली.

अशा वेळी घरचे, शेजारचे एक ठरलेला सल्ला देतात, राजकारण बाजूला ठेवा आणि मैत्री जपा. मी तो देत नाही. ज्या घरातलं पोर लंगडत घरी आलं, त्या घराला पोलिसांचा विषय बाजूला ठेवायला सांगणं म्हणजे त्या पोराला बाजूला ठेवायला सांगणं. तेच ताईच्या बाबांचं. दोघींनी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या ठरवल्या असत्या तर वर्षभरात त्याही संपल्या असत्या.

दुसऱ्या भेटीला मी तिला ग्रुपवरचे जुने मेसेज वाचून यायला सांगितलं होतं. ती आली ती फोन पुढे धरूनच. काही वर्षांपूर्वी, सरकार दुसऱ्या बाजूचं असताना, ताईने लिहिलं होतं, ‘पोलीस सरकारच्या खिशात आहेत.’ आणि मैत्रिणीचं उत्तर होतं, ‘पोलिसांवर थोडा विश्वास ठेव गं.’ आधी ताईला हसू आलं, मग डोळे भरून आले. सत्ता फिरली तशी दोघींची वाक्यं फिरली होती.

पोलीस सुधारणेचं आपल्याकडे मुळातच असं झालं आहे. देशाचा पोलीस कायदा १८६१ चा, १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी राज्य सांभाळण्यासाठी केलेला. १९७७ मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्याने आठ अहवाल दिले, आणि ते तसेच पडून राहिले. विरोधात असताना सुधारणा मागायची आणि सत्तेत आल्यावर विसरायची, हे सगळ्याच पक्षांनी केलं. शेवटी प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २००६ मध्ये निकाल आला. ठाण्याच्या प्रमुखापासून वरच्या महत्त्वाच्या पदांपर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी खात्यातच मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, आणि लोकांना दाद मागता यावी म्हणून तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून यातलं काही आणलं, काही आपल्या सोयीने वळवून घेतलं. कामाच्या तासांचं म्हणाल तर २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका पोलीस शिपायाच्या सूचनेवरून.

मी हे ताईला धडा म्हणून सांगितलं नाही. ती घेऊन आलेली गाऱ्हाणी आणि मैत्रिणीचं गाऱ्हाणं एकाच निकालात शेजारी-शेजारी बसली आहेत, एवढंच तिने बघावं असं मला वाटत होतं. पण सांगून फारसं काही झालं नाही. “ते सगळं खरं, पण,” असं म्हणून ती पुन्हा तिच्या जागी जाऊन बसली. माहिती देऊन माणूस हलत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

ती हलली ती वेगळ्याच प्रश्नाने. मी विचारलं, “त्या रात्री ठाण्यात तुमचे बाबा ड्युटीवर असते, तर त्यांनी काय केलं असतं?”

ताई लगेच म्हणाली, “बाबांनी डायरीत लिहिल्याशिवाय कुणाला बसवूनच ठेवलं नसतं.” आणि मग आवाज खाली आला. “त्यावरून एकदा साहेबांशी वाजलं होतं त्यांचं. कुणाच्या तरी सांगण्यावरून एका पोराला आणलं होतं, नोंद करू नका म्हणाले. बाबांनी स्टेशन डायरीत नोंद केली. महिन्याभरात बदली झाली. आम्ही सहा महिने बाबांशिवाय राहिलो. माझी दहावी होती.”

ही गोष्ट तिने त्या मैत्रिणीलाही कधी सांगितली नव्हती. घरातली बदनामी बाहेर नको, असं आईने बजावलेलं. मला यात बदनामी कुठे दिसेना. दिसला तो एक हवालदार, ज्याने नियम पाळला आणि त्याची किंमत मोजली. आणि त्या मुलाच्या रात्री ठाण्यात कुणी डायरी उघडलीच नव्हती. इतका वेळ पोलिसांची बाजू घेता घेता ताई बाबांच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिली होती. हे मी बोलले नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की गरजही नाही.

मग प्रश्न उरला माफीचा. “म्हणजे पोलिसांबद्दलचं माझं सगळंच चुकीचं?” असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुमचं मत तुमच्याकडे ठेवा. पोलिसांना माणसासारखं वागवलं जात नाही, हे तुम्ही उद्याही म्हणा, मोठ्याने म्हणा. मागे घ्यायचं आहे ते एक वाक्य. त्या मुलाने काय केलं होतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि काहीही केलं असतं तरी मारायचा अधिकार कुणाला नव्हता. माणसाला ताब्यात घेतलं की घरच्यांना कळवायचं, अटकेची लेखी नोंद साक्षीदाराच्या सहीने करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सांगितलं आहे. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे तर राज्यघटनेतच आहे.

चिठ्ठीचे तीन मसुदे झाले. पहिला दोन पानी, त्यात ‘पण’ सात वेळा. दुसऱ्यात दोन. तिसरा एवढाच होता: ‘काही केलंच नसतं तर, असं मी लिहिलं. ते लिहायला नको होतं. तो कसा आहे?’

मी मैत्रिणीलाही इथे बोलावून बघा म्हटलं होतं, तिने निरोप पाठवला की मला वेड लागलेलं नाही. मग ताईच तिच्या घरी गेली. मैत्रिणीने उंबऱ्यातच चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत उघडून वाचली. “आत ये,” एवढंच म्हणाली. त्या दिवशी ताईने तिला बाबांच्या बदलीची गोष्ट सांगितली. मैत्रीण म्हणाली, “काकांना मी त्यात धरलं नव्हतं गं.” ताई म्हणाली, “एकूण एक म्हणाली होतीस.” थोड्या वेळाने मैत्रीण म्हणाली, “म्हणाले होते.”

प्रत्येक वेळी मी दार ठोठवायला सांगतेच असं नाही. एका गृहस्थांना लाठीमारात लागलं होतं. ते ठाऊक असूनही त्यांचा मित्र त्या लाठीमारावरचे विनोद मुद्दाम त्यांना पाठवत राहिला. दोनदा सांगूनही थांबला नाही. तिथे मी लांब राहा म्हटलं आणि आजही तेच म्हणेन. समोरच्याला तुमची जखम दिसत नसेल तर बोलून बघावं. जखम बघून त्याला मजा वाटत असेल तर तिथे बोलण्यासारखं उरत नाही.

इथे तसं नव्हतं. वेळ मात्र गेला होता. ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलेलं आहे. म्हणजे मागायचं तर आत्ताच मागायला हवं होतं. मी वकील नाही, म्हणून त्यांना वकिलाकडे पाठवलं. बेकायदा बसवून ठेवणं आणि मारहाण यांची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते, हे तिथेच त्यांना कळलं. तोवर मुलगा भीतीने नको म्हणत होता. ताईने आपल्या बाबांच्या डायरीची गोष्ट त्यालाही सांगितली, तेव्हा तो तयार झाला.

त्याला लिहायला बसवलं तर हात थरथरायचा. मग तो सांगत गेला आणि ताईने लिहून घेतलं, शाळेच्या फळ्यावर काढते तसल्या गोल अक्षरात. वेळ कुठे चुकली तर मैत्रीण शेजारून दुरुस्त करत होती. साडेअकरा नाही, पावणेबारा. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. पुढच्या निवडणुकीत दोघी आपापल्या पक्षालाच मत देणार, तेही मला दोघींकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं आहे.

शेवटच्या भेटीत ताई म्हणाली, सगळं लिहिताना पेन एकाच ठिकाणी अडलं. मी विचारलं, कुठे? “‘तळव्यांवर’ लिहिताना,” ती म्हणाली. “ती उठून पाणी घेऊन आली, मग लिहिलं.”