सुटका झाली, पण काम गेले

प्रश्न : अमेरिकी विनोदवीर लेनी ब्रूस अश्लीलतेच्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोत निर्दोष सुटले, शिकागोतील शिक्षाही 1964 मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केली. मग त्यांची कारकीर्द का संपली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. निकाल लागेपर्यंतचा काळच ब्रूस यांना खाऊन गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी 1961 मध्ये न्यू यॉर्क हिमवादळाने ठप्प झालेले असतानाही, कार्नेगी हॉलमधील त्यांच्या मध्यरात्रीच्या कार्यक्रमाला लोक बर्फ तुडवत आले होते. धर्म, वर्णभेद आणि लैंगिकता यांबाबतचा समाजाचा दुटप्पीपणा ते रस्त्यावरच्या भाषेत मांडत. त्याच ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अटक झाली, पुढच्या वर्षी ज्यूरीने त्यांना सोडले आणि डिसेंबरमध्ये शिकागोत पुन्हा अटक झाली. तेथे तर क्लबचा परवानाच निलंबित झाला.

परवान्याचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कलावंत न्यायालयात लढू शकतो. परंतु ज्याचे पोट परवान्यावर चालते, तो क्लबमालक एका कलावंतासाठी सहसा तो पणाला लावत नाही. न्यू यॉर्कच्या हॉवर्ड सोलोमन यांनी ब्रूस यांना आपल्या कॅफेत बोलावले आणि एप्रिल 1964 मध्ये दोघेही आरोपी झाले. परवाना खात्याच्या निरीक्षकाने प्रेक्षकांत बसून काढलेली टिपणे पुराव्यात आली. आपले विनोद लय आणि संदर्भ गमावून परक्याच्या तोंडून ऐकवले जातात आणि शिक्षा मात्र आपल्याला होते, याची ब्रूस यांना विलक्षण चीड होती. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी त्यांना दोषी ठरवले व चार महिन्यांची कैद सुनावली.

अपिलापुरते ते जामिनावर बाहेर राहिले खरे, पण काम आटले होते आणि 1965 मध्ये ते दिवाळखोर ठरले. रंगमंचावर ते विनोदांऐवजी खटल्याचीच कागदपत्रे वाचून दाखवू लागले, त्यामुळे उरलेला प्रेक्षकही दुरावला. अमली पदार्थांचे व्यसनही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. 3 ऑगस्ट 1966 रोजी हॉलिवूडमधील घरी मॉर्फिनच्या अतिमात्रेने, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. सोलोमन पुढे अपिलात निर्दोष सुटले. ब्रूस यांच्यावरचा दोष मात्र तसाच राहिला आणि गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली, ती 23 डिसेंबर 2003 रोजी.