एकादशीच्या उपवासात ७४ वर्षांच्या वडिलांची साखर उतरू नये म्हणून काय करावं?

वडील मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी घेत असतील, तर धोका ग्लिमेपिराइडचा. पोटात अन्न असो-नसो, ते इन्सुलिन सोडायला लावतं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा एवढी उतरत नाही. त्यामुळे उपवासाच्या दिवशी डोस कमी करायचा की वगळायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या. मूत्रपिंड मंदावलं की हे औषध अंगात रेंगाळतं.

घाम, थरथर किंवा (म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा एवढंच) असंबद्ध बोलणं दिसलं की ग्लुकोमीटरवर बघा. ७०च्या खाली असेल तर चहाचे तीन भरलेले चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. घरात कंदी पेढे असले, तरी ते यावेळी नकोत: स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. गोळीत व्होग्लिबोज हे मधुमेहाचं तिसरं औषधही असेल, तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. पाकीट आजच वाचा.

शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. बरं वाटलं तरी साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून उपवास तिथेच सोडायला लावा.