टारफुला ज्वारीची हाक ऐकतो

प्रश्न (औसा): रानात ओल आहे, तरी ज्वारी दुपारी माना टाकते. बुडाशी पांढऱ्या बारीक फुलांचं तण दिसतं. पाणी द्यावं का?

तो टारफुला, ज्वारीच्या मुळावर जगणारं परजीवी तण. एक ताट मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत मूळ हलकेच धुवा. टारफुल्याचं मूळ ज्वारीच्या मुळाला फुगीर गाठीनं चिकटलेलं दिसेल. त्या गाठीतून त्यानं स्वतःच्या जलवाहिन्या ज्वारीच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. पाणी आणि त्यातलं नत्र ओढायला त्याला पानांची रंध्रं, म्हणजे वाफ बाहेर टाकणारी बारीक छिद्रं, उघडी ठेवली की पुरतं. पाणी कमी पडलं की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्या निरोपावर रंध्रं मिटतात. ज्वारी निरोप पाळते, टारफुला जवळजवळ पाळतच नाही. आफ्रिकेतल्या त्याच्या एका जातीत याचं कारण २०१९ साली उलगडलं: निरोप पुढे नेणाऱ्या साखळीतलं एक प्रथिन असं बदललंय, की ते या आम्लाला दादच देत नाही. म्हणून नुसत्या पाण्यानं भागणार नाही. फुलं येण्याआधी उपटत राहा. एका झाडाला हजारो बिया धरतात.

प्रश्न (परभणी, कृषीची विद्यार्थिनी): बी वर्षानुवर्षं मातीत पडून असतं. ज्वारी पेरल्याचं त्याला कळतं कसं?

सगळ्या प्रकरणाचं मूळ इथंच आहे. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की ज्वारीचं मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतं. ती हाक असते मुळांशी भागीदारी करणाऱ्या मायकोरायझा बुरशीला, स्फुरद आणून दे म्हणून. टारफुल्याच्या बियांत तीच हाक ओळखणारी प्रथिनं आहेत. बी धुळीच्या कणाएवढं, पोटात शिदोरी जेमतेम काही दिवसांची. जवळ मूळ नसताना उगवलं तर मेलंच. ओलसर मातीत ते हाकेची वाट बघत राहतं. रान जितकं उपाशी, तितकी हाक मोठी. म्हणून हलक्या, खत न मिळालेल्या जमिनीत टारफुला माजतो, आणि म्हणूनच शेणखत, नत्र, स्फुरद ही इथं तणावरचीही औषधं आहेत.

आणखी एक, आपल्या भागासाठी मोलाचं. या द्रव्यांतलं पहिलं, स्ट्रिगॉल, १९६६ साली हाती आलं ते कापसाच्या मुळांतून. कापसावर मात्र हा टारफुला जगत नाही. हाक ऐकून बी उगवतं आणि उपाशी मरतं. ज्वारीच्या रानात कापसाची फेरपालट करा. मातीतला बियांचा साठा हळूहळू उतरेल, एका हंगामात नाही.

प्रश्न (कळंब): लसूणघासावरची अमरवेल ओढून काढली, तरी परत येते.

तुकडा राहिला की तो पुन्हा चिकटतो. जमिनीत मूळ नाही, हिरवी पानंही नाहीत, त्यामुळे साखरसुद्धा ती घासाचीच खाते. जखम झाली की झाड अन्नवाहिनी बुजवू पाहतं. अमरवेल आपले सूक्ष्म आरएनए झाडात सोडून त्याची काही जनुकं गप्प करते, त्यांत वाहिनी बुजवणाऱ्या एका प्रथिनाचंही जनुक असल्याचं २०१८ मध्ये दिसलं. तेव्हा ओढू नका. तेवढा पट्टा घासासकट जमिनीलगत कापून जाळा, आणि पुढचं बी चाळून घ्या.

प्रश्न (अंबाजोगाई): आंब्यावरचं बांडगूळ खुडलं तर चालेल?

नाही, त्याची मुळं लाकडात शिरलेली असतात. गाठीच्या बरंच खालून फांदीच कापा, तीही बांडगुळाची फळं पिकायच्या आत. पिकली की फुलटोच्या हा चिमुकला पक्षी त्यांचं चिकट बी शेजारच्या फांदीला पुसून ठेवतो.