आधी त्या वह्या माळ्यावरून काढा

प्रश्न : माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मुलगी बारावी आर्ट्सला ७४ टक्क्यांनी पास झाली. इतिहासातल्या खऱ्या गोष्टींची लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायची, असं तिनं डोक्यात घेतलंय. मेहुण्याची मुलगी पीएसआय झाली, म्हणून हिलाही स्पर्धा परीक्षेच्या अकॅडमीत घालतो म्हणालो, तर रडली. मग अ‍ॅनिमेशनचा कोर्स बघितला, फी साडेतीन लाख. चित्रांचंच काम करायचं तर ते तरी करावं. अ‍ॅडमिशन होईपर्यंत तिच्या वह्या माळ्यावर ठेवल्यात. तिनं केलेल्या एका पुस्तकाचे फोटो पाठवतोय. दोन्हींतलं कुठलं बरं?
– एक पालक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

दोन्ही नकोत. कारणं पुढे सांगतो, पण आधी त्या वह्यांचं बोलू.

७४ टक्के मला जराही खटकले नाहीत. खटकलं ते वह्यांचं वाक्य. कुणी मार्क देणार नाही, कुणी पाठ थोपटणार नाही, हे माहीत असून मुलीनं जे काम केलं, ते तुम्ही ओलीस धरलंय. ती बिचारी अ‍ॅडमिशन घेईलही. अशा मुली घेतात. मग तीन-चार वर्षं अभ्यासिकेत काढतात, दोन-चार मार्कांनी राहतात, आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. तुला काय करावंसं वाटतं, असं विचारलं की खाली बघतात. उत्तर नसतंच त्यांच्याकडे, कारण ते कधीतरी माळ्यावर गेलेलं असतं. त्यांच्या वडिलांनाही मी भेटतो. वाईट माणसं नसतात ती, आणि तुम्हीही नाही. साडेतीन लाख उभे करायला तयार झालेला बाप पोरीच्या वाईटावर नसतो. पण बघा, एक पर्याय मेहुण्यांच्या घरातून आला आणि दुसरा जाहिरातीतून. तिला जे हवंय त्याबद्दल तुम्ही तिला एक तरी प्रश्न विचारलात का? पत्रात तरी तसं दिसत नाही. आज संध्याकाळी वह्या तिच्या हातात द्या, कुठलीही अट न घालता.

आता ते फोटो. गोष्ट गंगाराम कांबळे यांची आहे. संस्थानच्या चाकरीतला माणूस सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून मार खातो, राजर्षी शाहू महाराज त्याला चहाचं हॉटेल काढून देतात आणि स्वतः तिथे जाऊन चहा पितात. कोल्हापुरात शाहू जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट ठरलेली, आणि ती सुरू होते महाराजांपासून. तुमच्या मुलीनं ती तहानेपासून सुरू केलीय. माराच्या पानावर तिनं मार काढलेलाच नाही. हौद आहे, खाली पडलेला तांब्या आहे आणि एक वाक्य आहे : 'गंगाराम घरी गेला तेव्हा तहानलेलाच होता.' सहा वर्षांच्या मुलाला न घाबरवता आणि काही न लपवता जातीचा छळ कसा सांगायचा, इथे मुरलेले लेखक अडतात. तिला तो रस्ता सापडलाय.

चित्रं मात्र साधारण आहेत. घोडे ताठ आहेत, हातांची बोटं जमत नाहीत. आणि शेवटच्या आधीच्या पानावर महाराजांच्या तोंडी एक लांबलचक भाषण आहे. ते कुठून आलं? तिनंच रचलं असेल तर तिनंच काढून टाकावं. गोष्ट खरी म्हणून सांगायची तर कुठल्याच नोंदीत नसलेले शब्द खऱ्या माणसाच्या तोंडी घालू नयेत. मोठी माणसं शंका घेतात, लहान मूल ते खरं मानून मोठं होतं.

'चित्रांचंच काम' हा समज बऱ्याच घरांत आहे, तो एकदा मोडायला हवा. असं पुस्तक साधारण ३२ पानांचं असतं, कारण छापखान्यात पानं सोळा-सोळाच्या फॉर्मनं छापतात. शीर्षकाची वगैरे पानं सोडली तर बारा-चौदा जोडपानं हाती राहतात, आणि त्यात एक अख्खं आयुष्य बसवायचं असतं. कुठे पान उलटायचं, काय लिहायचं, काय चित्रावर सोडायचं, हे आधी लिहिणारा ठरवतो. चित्रकार पुष्कळदा वेगळाच असतो, ती जोडी प्रकाशक जमवतो. तुम्ही रोज बघता, ओतकामाचा नमुना, म्हणजे पॅटर्नच चुकला तर कास्टिंगवर पुढे कितीही मशिनिंग करा, जॉब वायाच जातो. इथे लिखाण हा पॅटर्न. एक उदाहरण देतो. आपल्या कोल्हापूर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबरला इटलीत, फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं, तिथे छत्रीखाली त्यांचा पुतळा आजही आहे. कोल्हापुरातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? त्या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला इंग्रजीत छापली गेली. ही गोष्ट मुलांना सांगायची तर ती रोजनिशी वाचावी लागेल, तेव्हाचे पोशाख, जहाजं, रस्ते शोधावे लागतील. आणि रोजनिशी जिथे थांबते तिथून पुढे त्यांच्या मनातलं आपल्याला माहीत आहे असा आव न आणता गोष्ट पुरी करावी लागेल. हे अ‍ॅनिमेशनच्या वर्गात शिकवत नाहीत.

म्हणून माझं मत : तिला इतिहास घेऊन बी.ए. करू द्या, इथेच कोल्हापुरात. सोबत इंग्रजी वाचन पक्कं करावं आणि मोडी लिपी शिकावी. जुनी कागदपत्रं सांभाळणारं पुराभिलेखागार याच शहरात आहे, करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात आणि तिथलीच चित्रं घेऊन आपली गोष्ट रचताही येते, म्हणजे घोड्यांमुळे तिचं काही अडणार नाही. फाइन आर्टला जायचं तर राज्याची सीईटी आहे, पण ते तिनं स्वतः मागितलं तरच. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा तो निर्णय पदवीनंतर तिनं घ्यावा. एवढंच वाक्य उचलून बी.ए.च्या पहिल्याच वर्षी क्लास लावू नका, ही विनंती.

पैशांचं स्पष्ट सांगतो. मराठीत नुसती मुलांची पुस्तकं लिहून घर चालत नाही, निदान सुरुवातीची बरीच वर्षं नाही. सोबत नोकरी लागेल : बी.एड. करून शाळेत, प्रकाशकाकडे संपादनात, मुलांच्या वाचनावर काम करणाऱ्या संस्थेत किंवा संग्रहालयात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदवीनंतर संग्रहालयशास्त्राचा डिप्लोमा करता येतो. साडेतीन लाख तेव्हासाठी ठेवा, किंवा पहिल्या नोकरीत पगार कमी असेल त्या दिवसांसाठी.

अ‍ॅनिमेशनच्या संस्थेत टोकन भरलं असेल तर उद्याच लेखी अर्ज देऊन परत मागा. आणि महाराजांचं ते भाषण तिनं कुठून घेतलं, तेवढं मला कळवा. ती स्वतः लिहून कळवणार असेल तर फारच उत्तम.